मोकळा दिवस

सकाळी साडेनऊला मी मगदूम अण्णांच्या आवारात शिरलो, तेव्हा सिस्टरांचं अर्धं घर रामफळाच्या झाडाखाली येऊन बसलं होतं. लोखंडी कपाट भिंतीला पाठ लावून, दोन खाटा एकीवर एक पालथ्या, गॅसची शेगडी जुन्या चादरीत गुंडाळलेली. मधोमध ट्रंकेवर सॅम्युएलभाऊ. पायाशी बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या आणि समोर बूड फाटलेली एक सरकारी खुर्ची. जगाचं सामान हलत असताना त्यांची बोटं खुर्चीची भोकं मोजत होती.

घर रिकामं करताना माणूस पहिली वस्तू कोणती उचलतो, ते मी बघून ठेवत असे. शेजारच्या गल्लीतले ड्रॉइंग मास्तर टीव्ही उचलत, बँकेतले कुलकर्णी देव उचलत आणि एक वकीलसाहेब तर बायकोला म्हणाले होते, आधी माझा पाट काढ. सिस्टर पहिल्यांदा नवऱ्याला हात धरून बाहेर आणत, ट्रंकेवर बसवत आणि मग पदर खोचत.

सिस्टर म्हणजे अनसूया भंडारे. मिरजेतल्या मिशनच्या दवाखान्यात नर्स. सॅम्युएलभाऊ त्यांचे यजमान. पूर्वी कुपवाडला कारखान्यात लेथवर होते, मग काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून ते खुर्च्या विणत. मगदूम अण्णा घरमालक. पुढे त्यांचं स्वतःचं घर, मागे भाड्याच्या दोन खोल्या. आणि मी कोठावळे, दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटर घेऊन बसणारा. घरभाड्याचे करार माझ्याकडून टाइप करून घ्यायचे, ही निम्म्या मिरजेची रीत होती.

करार अकरा महिन्यांचा. अकरावा महिना सरला की मोकळा दिवस. भाडेकरूने सगळं सामान बाहेर काढायचं, मालकाने कुलूप घालायचं, त्या दिवशी आत चूल पेटता कामा नये. भाडेकरूने दोन्ही वेळा मालकाकडे जेवायचं, रात्री मालकाच्या सोप्यात झोपायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या कागदावर सह्या, उंबऱ्यावर नारळ, आणि सामान परत आत. असं केलं नाही तर भाडेकरूचा ताबा पक्का होतो आणि घर जातं, कायद्यानेच तसं आहे, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

गल्लीत तर त्याला सणाची कळा आली होती. अण्णांच्या पत्नी अक्का त्या दिवशी पुरण घालत. भाडेकरूंची पोरं शाळेत सांगत, आज आमचा मोकळा दिवस, म्हणून उशीर झाला.

सिस्टरांचा हा तिसरा. कपाळावरचा घाम पुसत त्या मला म्हणाल्या, "कोठावळे, या वेळी कागदावर माझं आडनाव नीट लिहा. मागच्या खेपेला भांडारे केलंत." मी जीभ चावली. सॅम्युएलभाऊ मान न वळवता म्हणाले, "असू दे की. भांडार भरलं तर बरंच हाय."

तेवढ्यात अण्णांचे दोन गडी आतून काथ्याच्या पट्ट्या उपटून घेऊन आले. सिस्टर एकदम पुढे झाल्या. त्या पट्ट्या त्यांनी स्वतः ठोकल्या होत्या: एक नळाजवळ, एक ओट्याच्या कोपऱ्याला, एक मागच्या पायरीच्या आधी. सॅम्युएलभाऊंच्या पायाला कळावं म्हणून. आधीच्या दोन्ही मोकळ्या दिवशी त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"या कशाला काढल्या?"

अण्णांनी सोप्यातून सांगितलं, जरा फरशी धुवायची आहे. सिस्टरांनी पट्ट्या गड्याच्या हातून घेतल्या, झटकल्या आणि ट्रंकेमागे नीट रचून ठेवल्या. अण्णांनी कुलूप घातलं, नेहमीसारखं दोनदा ओढून बघितलं. मी कागदावरचा मजकूर तपासून घेतला आणि उद्या सह्यांना येतो म्हणून निघालो. फरशी धुवायची असती तर ती धुण्याआधीच कुलूप लागलं नसतं, हे मला फाटकाशी सुचलं होतं. पण मला त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर नारळ कुठे दिसेना. अण्णा झोपाळ्यावर पाय घेऊन बसलेले. सिस्टर दवाखान्याच्या पांढऱ्या साडीत कुलपासमोर उभ्या. सॅम्युएलभाऊंची खुर्ची निम्मी विणून झाली होती.

अण्णांनी मला बघितलं आणि त्यांना हायसं वाटलं. म्हणाले, बरं झालं आलात. त्यांचा जावई, रक्त-लघवी तपासायचं शिक्षण घेतलेला, मिरजेत लॅब टाकणार होता. दवाखाना जवळ, पेशंट पायी येणार, मागच्या दोन खोल्या अगदी सोयीच्या. सिस्टरांनी आठवड्याभरात दुसरीकडे बघावं. सामान तोवर आवारात राहिलं तरी अण्णांची काही हरकत नव्हती. वर ताडपत्री पण घालून देणार होते. अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त फुकट मिळालेली सोय सोडवत नसे.

"काल सांगायला काय झालं होतं?" सिस्टरांनी विचारलं.

"काल तुमी आत हुता," अण्णा म्हणाले. त्यांनी हे इतकं साधेपणाने सांगितलं की क्षणभर मलाच ते बरोबर वाटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा की कोठावळे, कायदा काय म्हणतोय. मोकळ्या दिवशी ताबा सुटला का न्हाई?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. सॅम्युएलभाऊंनी कान दिला. माझ्या खिशात नवा करार होता. अण्णा माझं चौदा वर्षांचं गिऱ्हाईक, त्यांच्या शब्दावर आलेली आणखी दहा-बारा घरं.

"सुटतो खरा," मी म्हणालो.

बोलले ते सॅम्युएलभाऊ, आणि तेही अण्णांना नाही, मला. डोळे गेल्यावर दोन वर्षांत त्यांनी दोन घरं बदलली होती, तिथेही अकरा-अकरा महिने. पहिल्या घरात जिन्यावरून पडून मनगट मोडलं, दुसऱ्यात उकळत्या चहाने मांडी भाजली. या घरात येऊन ते स्वतः दाढी करायला लागले, दुपारी एकटे चहा करून प्यायला लागले, सिस्टर रात्रपाळीला निश्चिंत जायला लागल्या. हे त्यांनी रडगाण्यासारखं नाही, हवापाण्याच्या गप्पांसारखं सांगितलं. शेवटी म्हणाले, "कोठावळे, बाहेर मी आंधळा हाय. त्या दाराच्या आत न्हाई. एवढंच तुमच्या कायद्याला कळवा."

सिस्टरांनी घड्याळ बघितलं, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फाटकाबाहेर गेल्या. मला वाटलं, ड्युटीला गेल्या. अण्णांनाही तेच वाटलं. ते मला चहा घ्या म्हणाले आणि मी घेतला.

बाराच्या सुमारास सिस्टर माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. हातात पातळ पिवळ्या कव्हराचं पुस्तक. कोर्टासमोरच्या स्टॉलवर कायद्यांची असली पुस्तकं ढिगाने असत. वकील सोडून कुणी ती घेताना मी पाहिलं नव्हतं. भाडे नियंत्रणाचा नवा कायदा येऊन तीन वर्षं झाली होती. माझ्याकडे त्याची प्रत होती, आणि टाइपरायटर डगमगू नये म्हणून ती मी त्याच्या डाव्या पायाखाली सरकवलेली होती.

"ड्युटी?" मी विचारलं.

"सुट्टी टाकली." त्या बाकावर बसल्या. "अकरा वाजल्यापासून कोर्टाच्या पायरीवर बसून वाचलं. मला सगळं कळलं असं नाही. पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. यात तुमचा मोकळा दिवस नाही. तुम्ही दाखवा."

मी चष्मा पुसला. म्हणालो, असल्या गोष्टी कायद्यात लिहिलेल्या नसतात, वहिवाटीत असतात. त्यांनी लगेच विचारलं, सकाळी तर तुम्ही कायदा म्हणालात. दोन्हींतलं एक काय ते सांगा. औषधाच्या बाटलीवर नाव नसेल तर त्या ती पेशंटला देत नाहीत, म्हणाल्या, मग ती कितीही जुन्या कपाटातली असो.

मग त्यांनी कोपरा मुडपलेलं एक पान उघडलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं वाचावीत तसं सावकाश वाचून दाखवलं. कलम पंचावन्न. भाड्याचा करार लेखी हवा, तो नोंदलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. आणि नोंदलेला नसेल तर, काय अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं. खोटं आहे असं मालकाने सिद्ध करेपर्यंत.

"आमचा कागद नोंदलेला आहे?"

"नाही."

"का नाही?"

कारण अण्णांना नोंदणीचा खर्च आणि खेटे नको होते, आणि मी त्यांना म्हणालो होतो की मोकळा दिवस पाळला की नोंदणीची काही गरज नाही. हे मी सिस्टरांना सांगितलं. सांगितल्यावर पुढचं मागे ठेवायला जागा उरली नाही. त्या बाकावरून उठणार नव्हत्या, हे त्यांच्या बसण्यावरूनच दिसत होतं. म्हणून तेही सांगितलं.

एकोणनव्वद साली मगदूम अण्णा पहिल्यांदा मागच्या खोल्या भाड्याने द्यायला निघाले, तेव्हा फार भ्यालेले होते. त्यांच्या मामांच्या सांगलीच्या दुकानात एक भाडेकरू तीस वर्षं ठाण मांडून होता आणि मामा कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता वारले होते. मी अकरा महिन्यांचा कागद टाइप करून दिला. अण्णा म्हणाले, अजून काही? मी एक कलम वाढवलं. अण्णा म्हणाले, अजून काही करता येईल का? तिसऱ्यांदा विचारणाऱ्या माणसाला माहिती नको असते, धीर हवा असतो. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. मी म्हणालो, असं करा, मुदत संपली की एक दिवस घर मोकळं करून घ्या. ते म्हणाले, चूल? मी म्हणालो, चूल पेटता कामा नये. ते म्हणाले, मग जेवायचं कुठे? मी म्हणालो, तुमच्याकडे. ते विचारत गेले, मी सांगत गेलो. उठताना त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे आपण होऊन ठेवले. महिन्याभराने त्यांचा चुलतभाऊ आला, म्हणाला, तो दिवसवाला करार द्या.

पुढे तो दिवस माझ्या हातात राहिला नाही. आणि परत घ्यावा असंही मला वाटलं नाही. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, म्हणजे दर अकरा महिन्यांनी मी.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "म्हणजे आम्ही तीनदा त्या झाडाखाली बसलो, ते तुमच्या मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून."

मी मान हलवली.

"हे अण्णांसमोर सांगायचं."

मी माझ्या अडचणी पुढे केल्या. वहीत बासष्ट घरमालक आहेत. रस्त्यापलीकडे कॉम्प्युटरवाला बसला आहे, तो टपूनच आहे. एका घरी बोललो की संध्याकाळपर्यंत गावभर होईल, आणि मग कोठावळेकडे कोण येईल. हे सगळं सिस्टरांनी पेशंटची तक्रार ऐकावी तसं मन लावून ऐकलं. उठताना म्हणाल्या, "दुखेल. फार वेळ नाही दुखत. चार वाजता या."

त्या गेल्यावर मी मशीनला कागद लावला आणि तसाच बसून राहिलो. जावं असं काही ठरवलं नव्हतं. तीनच्या सुमारास ब्राह्मणपुरीतले एक गृहस्थ आले. त्यांच्या वरच्या मजल्यावरची दोन नर्सिंगची मुलं पुढच्या आठवड्यात अकरा महिने पुरी करत होती. माझ्यासमोर त्यांनी पंचांग उघडलं आणि विचारलं, मोकळ्या दिवसाला बुधवार चालेल ना, की अमावास्या टळून जाऊ दे? गेल्या वर्षी घाईत केला आणि नंतर नळ फुटला, म्हणाले.

मी त्यांना दोन दिवसांनी या म्हणालो आणि मशीनवर कापड टाकलं.

चार वाजता आवारात चौघे होते. अण्णा झोपाळ्यावर, अक्का दाराच्या चौकटीला टेकून गवारीच्या शेंगा मोडत, सॅम्युएलभाऊ ट्रंकेवर, आणि सिस्टर उभ्या. त्यांनी साडी बदलली नव्हती. मला बघून त्यांनी नुसती जागा करून दिली.

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता.

मी सांगितलं. फार लांबवलं नाही. मोकळा दिवस असं कायद्यात काही नाही, कधी नव्हतं, तो मी काढला. त्या दिवशी कुणाचा ताबा सुटत नाही. सिस्टरांनी तुमच्या सांगण्यावरून सामान बाहेर ठेवलं, घर सोडलं म्हणून नाही. उद्या पोलिसांत किंवा कोर्टात गेलं तर मला बोलावतील, आणि मी हेच सांगेन.

झोपाळा थांबला. मला वाटलं होतं अण्णा खोल्यांबद्दल भांडतील. ते म्हणाले, "चौदा वर्षं? दर खेपेला तुमी माझ्याकडनं येगळं पैसं घेतलं की त्या दिवसाचं."

"घेतले."

"आनि दिवसच न्हाई."

"नाही."

अक्कांची शेंग हातातच राहिली. मग त्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. "आनि मी बाई पुरण शिजवतीया," त्या म्हणाल्या. "सुनेला सांगून ठेवलंया, माझ्या मागं ह्यो दिवस चुकवू नगंस म्हणून."

अण्णा मात्र पेठेत वाढलेले होते. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि दुसरं पान उघडलं. दिवस नसेल तर नसू दे, म्हणाले, अकरा महिने तर संपले ना? ते तर कागदावर आहेत. माणूस मुदत संपल्यावर घर मागतो, यात गैर काय?

मुद्दा बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागलं: कागद नोंदलेला नाही, अण्णा. ते म्हणाले, नोंदू नका असं तुम्हीच सांगितलंत. मी म्हणालो, मीच सांगितलं. आता काय ठरलं होतं याबद्दल सिस्टर म्हणतील ते खरं धरतात. खोटं असेल तर ते तुम्ही दाखवायचं.

अण्णांच्या चेहऱ्यावर मामांचं दुकान दिसायला लागलं. मीही सिस्टरांकडे बघत होतो, आणि कबूल करतो, मनातल्या मनात पैज लावत होतो. त्यांना दहा वर्षं म्हणता आलं असतं. तहहयात म्हणता आलं असतं. त्यांच्या जागी मी असतो तर किती म्हणालो असतो, ते सांगत नाही.

"बोला," अण्णा म्हणाले. आवाज कोरडा पडला होता. "काय बोललो हुतो मी?"

सिस्टर म्हणाल्या, "आम्ही घर बघायला आलो त्या दिवशी हे भिंतीला हात लावत नळापर्यंत गेले आणि परत आले. तुम्ही इथेच बसला होता. तुम्ही म्हणालात, सिस्टर, काळजी करू नका, त्यांना घराची सवय होऊ दे, पाच वर्षं तुम्हाला कोण हलवत नाही. कागद काय, कोठावळेचा उद्योग आहे. अक्का दारात होत्या."

"पाच?"

"पाच. पावणेतीन झाली. सव्वादोन राहिली. सत्तावीस महिने. ते मला द्या, नोंदलेल्या कागदावर. सत्तावीस झाले की अठ्ठाविसाव्याच्या पहिल्या तारखेला किल्ली तुमच्या हातात. तोवर मी यांना पुढचं घर हळूहळू दाखवून आणीन. आठवड्याभरात घर बदलणं मला जमणार नाही, अण्णा. आणि जमवणारही नाही. कुलूप उघडलं नाहीत तर आम्ही इथेच राहू. रात्रपाळीला इथून जाईन आणि इथेच परत येईन. दवाखान्यातून येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारेल, आणि मी प्रत्येकाला खरं सांगेन."

अण्णांनी अक्कांकडे बघितलं. नाही म्हण, असं त्या नजरेत होतं. अक्का खाली बघून शेंग मोडत म्हणाल्या, "बोलला हुता. पाचच बोलला हुता. मी तवाच म्हणलं, ह्यास्नी बोलाय पैसं पडत न्हाईत."

"आनि जावई?"

"जावयाला ही फुडची बैठकीची खोली द्या. रस्त्याला लागून हाय, पाटी दिसंल. पेशंट काय रामफळ मोजत मागं येनार हाईत?" त्या उठल्या, शेंगांची परडी कमरेला लावली. "तुमचा झोपाळा तेवढा काढावा लागंल."

अण्णा झोपाळ्याची कडी हातात धरून बसले. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी काय काय मांडून बघितलं असेल, याचा अंदाज मला होता: कोर्ट, मामा, गल्ली, जावई, झोपाळा. शेवटी त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली. सिस्टरांना दिली नाही. आत काथ्याच्या पट्ट्या कुठे कुठे होत्या ते गड्याला दाखवा, खिळे तो ठोकेल, एवढं म्हणाले आणि स्वतः कुलूप उघडायला गेले.

सॅम्युएलभाऊंनी खुर्चीची शेवटची गाठ मारली, वेत कापला, आणि खुर्ची अण्णांच्या रिकाम्या झोपाळ्याशेजारी नेऊन ठेवली. म्हणाले, "बसून बघा अण्णा, झोपाळ्यापरीस बरी हाय. सरकारची हाय, पण सोमवारपर्यंत तुमची."

गावभर व्हायला संध्याकाळ लागली नाही. बासष्टांपैकी चाळीस-एक घरमालक वर्षाच्या आत रस्त्यापलीकडे गेले. त्यातले काही तिथे जाऊन मोकळ्या दिवसाचा कागद मागत, आणि तो कॉम्प्युटरवाला बिचारा शोधत बसे. माझ्याकडे भाडेकरू यायला लागले. ते पैसे कमी देत आणि प्रश्न जास्त विचारत. घराच्या बाबतीत कायदा काय करू शकतो, हे मला कुणी विचारलं तर मी छातीठोक काही सांगत नाही. मालकाला घर परत हवं असलं की तो ते मिळवतो. सत्तावीस महिन्यांनी अण्णांनाही मिळालं. पण मधले सत्तावीस महिने एका माणसाने आपल्या हाताने चहा करून प्यायला, आणि ते महिने कुणाच्या मेहेरबानीचे नव्हते.

नोंदणी पुढच्या शुक्रवारी झाली. कागद मी टाइप केला, पैसे घेतले नाहीत. सिस्टरांनी ते द्यायचा आग्रहही केला नाही. शेवटचं कलम त्यांनी सांगितलं, मी शब्द बसवले. साक्षीला अक्का आल्या, नवं लुगडं नेसून, कारण कचेरीत त्या पहिल्यांदाच येत होत्या.

दुय्यम निबंधक साहेब नवीन होते, विदर्भाकडचे. ते दस्त वाचत गेले, पान उलटत गेले आणि शेवटच्या कलमाशी थांबले. त्यांनी ते मोठ्याने वाचलं: या कराराच्या मुदतीत कोणत्याही दिवशी भाडेकरूस घर रिकामे करून बाहेर राहावे लागणार नाही.

"हे काय कलम आहे?" ते म्हणाले. "मुदत चालू असताना एका दिवसासाठी कोण कुणाला बाहेर काढतं?"

अण्णांनी पंख्याकडे बघितलं. अक्कांनी पदर तोंडाशी नेला. सिस्टरांनी मान वळवली आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"काढत होते, साहेब," मी म्हणालो. "चौदा वर्षं."

"कुणी सांगितलं होतं त्यांना?"

शेडमधली चार-दोन गिऱ्हाइकं दारातून आत डोकावत होती. ब्राह्मणपुरीतले पंचांगवाले गृहस्थही होते.

"मी," मी म्हणालो.

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दस्ताकडे, आणि शिक्का उचलला.